मूठ वर गेली की

शाल धुतली की रंग सोडते. पहिल्या पाण्याला जांभळा, दुसऱ्याला लाल, तिसऱ्याला नुसता मळ.

वर गेलेली मूठ.

लाडके. झुंजार. कर्तव्यदक्ष. हे शब्द लागोपाठ म्हटले की तोंडाला बुळबुळीत चव येते.

रिक्षातून बाहेर आलेली चेलोची मान. सिग्नलवरचं एक पोर विचारतं, "अंकल, मय्यत है क्या?"

तोंडात पाण्याचा घोट असला की माणसाला बोलता येत नाही.

डिझेलचा डबा. झेंडूचा हार.

एक महत्त्वाची सूचना. पांढरी मारुती ज्यांची असेल त्यांनी ती स्टेजसमोरून ताबडतोब काढावी.

*

ऑर्केस्ट्रा चालवणारे पुष्कळ असतात. बापूराव खिल्लारे यांचं नाव झालं ते थांबवण्यासाठी.

परभणीकडच्या एका बँडपथकात ते क्लॅरिनेट वाजवायचे. मुंबईत आले, व्हायोलिन शिकले, कागदावरचे सूर वाचायला शिकले आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये मागच्या रांगेत बसायला लागले. तिथून सरकत सरकत एक दिवस सगळ्यांच्या समोर उभे राहिले. काचेपलीकडच्या संगीतकाराला काही खटकलं की तो हेडफोनवरून यांच्या कानात 'कट' म्हणायचा आणि हे मूठ वर करायचे. मूठ वर गेली की अख्खा हॉल जागच्या जागी गप्प. कुणाचा गज अर्ध्या तारेवर, कुणाचा श्वास बासरीत. "या माणसामुळे टेप वाया जात नाही," असं म्हटलं जायचं. कौतुक म्हणून एवढंच.

मग की-बोर्ड आला. एका बोटाखाली अख्खी रांग व्हायोलिनं. दमत नाहीत, चहा मागत नाहीत, बेसूर होत नाहीत. बापूरावांना तो आवाज प्लास्टिकच्या फुलांवर अत्तर मारल्यासारखा वाटायचा. दुसऱ्या कुणाला तसं वाटलं नाही. हॉल रिकामा झाला. कुणी वाद्य विकलं, कुणी माळ्यावर टाकलं. बापूरावांनी त्यांच्याकडून मिळतील तेवढी वाद्यं गोळा केली आणि सत्त्याऐंशी साली भाईंदरला राहायला आले. घरात पलंगाआधी चेलो आला, माणसाएवढं थोरलं व्हायोलिन. त्यांची बायको वैजयंता तेव्हा म्हणाली होती, "ह्याला टेकून झोपायचं का?"

मराठवाड्यातून, कोकणातून आलेली बौद्ध कुटुंबं तिथे होती. कुणी पालिकेत, कुणी पोस्टात, कुणाचं कपडे शिवायचं दुकान. बापूराव त्यांना संध्याकाळी बोलवायचे आणि हातात गज द्यायचे. फुकट. शिकवता शिकवता समता वाद्यवृंद उभा राहिला. त्यात पहिलं व्हायोलिन पंचशीलाचं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करणारी ही मुलगी व्हायोलिन इतकं —

एक महत्त्वाची सूचना. आपल्या प्रभागाचे लाडके, झुंजार, कर्तव्यदक्ष नगरसेवक माननीय काशीनाथभाऊ यांचं आत्ताच मांडवात आगमन झालेलं आहे. जोरदार टाळ्या. भाऊंनी स्टेजवर यावं अशी मी त्यांना नम्र विनंती करतो.

— नितळ वाजवायची की ऐकणाऱ्याला तहान लागावी.

हे असंच व्हायचं. गाण्याच्या मध्येच. मांडवाच्या तोंडाशी भाऊंचा सफारी सूट दिसला की बापूराव मूठ वर करायचे. सगळी वाद्यं कापल्यासारखी बंद, फक्त ढोलकीचा ठेका बारीक चालू. निवेदक जीवन माइक घ्यायचा. दिवसा विम्याच्या ऑफिसात बसणारा, आवाज तुपात तळलेला. तो नाव घ्यायचा, बाहेर फटाक्यांची माळ लागायची, हार, शाल, नारळ, फोटो. मग बापूराव मूठ सोडायचे आणि गाणं जिथे तुटलं होतं त्याच अक्षरापासून पुढे चालू व्हायचं. एक मात्रा इकडे नाही की तिकडे नाही. लोक या सांध्याला टाळ्या वाजवायचे. गाण्याला नाही, सांध्याला.

"बापूराव, तुमच्यासारखं थांबवणारा अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नाय," असं लोक सांगायचे आणि सांगताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचे. हाताला बुंदीचा पाक असायचा.

जयंतीला बोलावणं, बुद्धपौर्णिमेला बोलावणं, रक्तदान शिबिराला बोलावणं, शौचालयाच्या उद्घाटनालासुद्धा बोलावणं. भाईंदर पश्चिमेपासून पार चेणे गावापर्यंत. दर वर्षी थांबे वाढत गेले. आधी नगरसेवक, मग त्याचा मेव्हणा, मग मांडववाला. एकदा पाळण्याच्या एका गाण्यात इतक्या वेळा मूठ वर गेली की गाणारी बाई बाळाचं नावच विसरली. बापूराव घरी येऊन साबणाने हात धुवायचे. पुन्हा धुवायचे.

"कुणी सुरू केलं हो सर हे?" पंचशीलाने एकदा विचारलं होतं.

"सगळीकडे असंच असतं," बापूराव म्हणाले.

*

शालींबद्दल सांगायला हवं.

प्रत्येक कार्यक्रमाला बापूरावांच्याही अंगावर एक शाल पडायची. उन्हाळ्यात, मांडवात, पत्र्याखाली. चकचकीत, काचेसारखी टोचणारी, डांबरगोळ्यांच्या वासाची. कधी तिच्यावर आधीच्या सत्कारमूर्तीच्या मानेचा घाम असायचा, कारण शाली फिरत्या असायच्या. घरात त्यांचा ढीग झाला. वैजयंताबाईंनी एक धुऊन बघितली. बादलीतलं पाणी बघून पुन्हा हात लावला नाही.

तालमीची जागा म्हणजे भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीतल्या एका इमारतीचा तळमजल्याचा गाळा. मालकी काशीनाथभाऊंची. भाऊंनी तो वाद्यवृंदाला असाच वापरायला दिला होता आणि हे ते दर भाषणात सांगायचे. वरच्या मजल्यावर हंसाबेन. "भाई, मारा बाबाने ऊंघ नथी आवती," म्हणत, बाळाला झोप लागत नाही म्हणून, त्या रोज जिन्यात उभ्या. आवाज अडवायला काहीतरी भिंतीला लावणं भाग होतं. वैजयंताबाईंनी खिळ्यांची पुडी आणली, हातोडी घेतली आणि सगळ्या शाली एकावर एक भिंतींना ठोकल्या. जांभळ्या, लाल, हिरव्या, जरीच्या. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरली. गाळ्यात ओल्या कुत्र्याचा वास यायला लागला. पण आवाज अडला. हंसाबेन खाली येऊन, आता बरं आहे म्हणून सांगून गेल्या, "हवे सारू छे."

"बघा," वैजयंताबाई बापूरावांना म्हणाल्या, "तुमच्या एवढ्या सत्कारांचा शेवटी काहीतरी उपयोग झाला."

*

या गाळ्यात बापूरावांनी 'ओंजळ' बसवली.

गाणं नाही. गाणारं कुणी नाही. नुसती वाद्यं. महाडच्या तळ्यावर माणसं चालत गेली आणि पाणी प्यायली, त्याची ही रचना. पहिल्या भागात चालणं: चेलो, ढोलकी, खालच्या सुरातली व्हायोलिनं, धूळ. मग पायऱ्या. मग सगळं एकदम थांबतं. ढोलकीसुद्धा. ओंजळ तोंडाला लागलेली आहे. आणि त्यानंतर दुसरा भाग, ज्यात पंचशीलाचं व्हायोलिन एकटं सुरू होतं आणि हळूहळू सगळे त्याला येऊन मिळतात.

"सर, मधे थांबायचं ते किती मात्रा?" पंचशीलाने विचारलं.

"मोजायचं नाही. घोट घशाखाली उतरेपर्यंत. माझ्या मुठीकडे बघा. मूठ उघडली की उतरला."

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांसाठी थांबवलं होतं. एकदा, फक्त एकदा, स्वतःचं काहीतरी सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मधे कुणाचंही नाव न येता वाजावं, एवढंच त्यांना हवं होतं. शहाण्णवच्या जयंतीला, उघड्या मैदानात, आपल्या माणसांसमोर. तसं वैजयंताबाईंना त्यांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग जाऊन सांगा त्याला."

भाऊ ऑफिसात भजी खात होते. एका हाताने भजी, दुसऱ्याने कान कोरत होते.

"बोला, म्युझिक डायरेक्टर."

"भाऊ, यंदा एक नवीन रचना आहे. ती वाजून संपेपर्यंत मधे कुणाचं नाव नको."

"म्हणजे मी आलो तरी?"

"संपल्यावर घेऊ ना. ताबडतोब घेऊ."

भाऊंनी कानातून काढलेलं बोट बघितलं, टेबलाच्या कडेला पुसलं. "बापूराव, गाळा कोणाचाय?"

"तुमचाच."

"मग टेन्शन काय घेताय? वाजवा. मी उशिराच येतो. पण आलो की वेलकम एकदम टकाटक पायजे हां. पुढे इलेक्शन आहे. फोटोवाला आणतोय मी. त्यात काय गडबड झाली तर मग मलापण गाळ्याची गरज आहे, काय?"

त्यांनी भज्यांची बशी पुढे केली. बापूरावांनी एक घेतलं. बाहेर येऊन गटारात टाकलं.

संध्याकाळी त्यांनी जीवनला बोलावलं. जीवन तालमीला कधीच यायचा नाही. बोलणाऱ्याला तालीम कशाला, असं त्याचं म्हणणं.

"जीवन, 'ओंजळ' चालू असताना एक शब्द नाही. समजलं?"

"भाऊ आले तर?"

"कोणीही येऊ दे. मी मूठ वर केल्याशिवाय माइकला हात लावायचा नाही."

"शब्द देतो सर," जीवन म्हणाला.

*

एक महत्त्वाची सूचना. बुंदीचं वाटप कार्यक्रमानंतर होणार आहे, कृपया पातेल्याजवळ गर्दी करू नये.

*

मैदान भरलं होतं. निळे झेंडे, पताका, पायरीवर ताज्या पानाची पिचकारी. जनरेटर चेण्याच्या लवूचा होता. तो स्टेजमागे त्याच्याशी झटत होता. मांडवाच्या तोंडाशी स्वागताची पोरं फटाक्यांची लांबलचक माळ अंथरून बसली होती, ताटं घेतलेल्या बाया उभ्या होत्या, एकीच्या हातात भाऊंचा हार. उन्हात सकाळपासून ठेवल्यामुळे झेंडू आतून काळा पडायला लागला होता.

'ओंजळ' सुरू झाली.

सुरुवातीला लोक बोलत होते. मग बोलणं कमी झालं. मागच्या रांगेतला एक म्हातारा खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि उभाच राहिला. चालणं वाजलं, धूळ वाजली, पायऱ्या वाजल्या. ओंजळ भरली.

बापूरावांनी मूठ वर केली.

सगळं थांबलं. ढोलकीसुद्धा.

आणि मैदानातली सगळी डोकी एकदम मागे वळली. कोण आलं ते बघायला.

गेली कित्येक वर्षं ऑर्केस्ट्रा मधेच गप्प झाला म्हणजे कुणीतरी आलं, एवढंच त्यांना माहीत होतं. दुसरी शांतता त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. जीवनने दिलेला शब्द तंतोतंत पाळला. सरांची मूठ वर गेलेली त्याने बघितली आणि माइक उचलला.

"एक महत्त्वाची सूचना! आपल्या प्रभागाचे लाडके, झुंजार, कर्तव्यदक्ष —"

पोरांनी माळ पेटवली.

मांडवाच्या तोंडाशी कुणीही नव्हतं. नुसता धूर. आणि त्या धुरातून डिझेलचा डबा घेऊन लवू आला. जनरेटरमधलं तेल संपत आलं होतं म्हणून तो बाहेर गेला होता. बायांनी ओवाळायला सुरुवात केली. कुणीतरी धुरातच त्याच्या गळ्यात हार घातला.

"अरं, मी लवू हाय! लवू! जनरेटरवाला!"

"भाऊसाहेब, तुम्ही आगे बढो!" पोरं ओरडली.

"मी कनचा भाऊ न्हाय! अरं डबा तरी खाली ठेवू द्या!"

त्याच्या अंगावर शाल पडली. डबा कलंडला, डिझेल शालीच्या जरीवर गेलं. स्टेजवर दिव्यांच्या झोतात जीवनला काहीही दिसत नव्हतं. त्याचं तोंड चालूच होतं. गटारं, पथदिवे, पाण्याचे टँकर, सगळी कामं त्याने मोजून दाखवली.

बापूरावांची मूठ वरच होती. उघडली तर पंचशीलाचं व्हायोलिन फटाक्यांत सुरू होणार. समोर सगळे गज उचललेले, सगळे डोळे मुठीवर. फटाक्यांचा धूर घशात जात होता, त्याच्यामागून डिझेल, त्याच्यामागून बुंदीचं तूप.

आणि मग पांढरी मारुती आली.

भाऊ उतरले. फटाके नाहीत. ओवाळणी नाही. आपला हार एका मळक्या बनियनवाल्याच्या गळ्यात. फोटोवाला म्हणाला, "भाऊ, रिटेक करू." मग लवूच्या गळ्यातून हार काढला, झटकला आणि भाऊंच्या गळ्यात घातला. शाल ओढली आणि भाऊंच्या अंगावर टाकली. डिझेलचा डाग आतल्या बाजूला घेतला. भाऊ हसले. फोटो निघाला. हसू तसंच ठेवून त्यांनी माइक घेतला आणि कलेची सेवा या विषयावर बोलले, गाळ्याचाही उल्लेख केला. शेवटी म्हणाले, "हां, बापूराव, आता वाजवा कायतरी नाचायचं. काय मगाचपासून मयतावर आल्यासारखं!"

लोक हसले. उभा राहिलेला म्हाताराही खाली बसला आणि हसला.

बापूरावांनी मूठ खाली आणली आणि न उघडता खिशात घातली. ढोलकीवाल्याने थोडा वेळ वाट बघितली, मग नाचायचा ठेका धरला.

स्टेजच्या मागे जीवन म्हणाला, "सर, काही चुकलं का? मूठ तर तुम्हीच वर केलीत."

खरंच होतं. बापूरावांनी त्याच्याकडे बघितलं. जीवन प्रामाणिकपणे घाबरला होता आणि त्याच्या ओठांच्या कडेला बुंदीचा दाणा चिकटला होता.

"पूस ते," बापूराव म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी भाऊ पहिल्यांदाच गाळ्यात आले. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले. नाकाला रुमाल लावला. मग भिंतींकडे बघितलं.

"ह्या शाली..."

ते आत येऊन एकेका शालीकडे बोट दाखवायला लागले.

"ही मी दिली होती. ही पण. ही पतपेढीच्या वर्धापनदिनाची." त्यांनी एका शालीला हात लावला, हाताला बुरशी लागली. "खिळे मारलेत? माझ्याच गाळ्यात, माझ्याच शालींना?"

"अंगावर घेतली की घाम येतो भाऊ," वैजयंताबाई म्हणाल्या. "भिंतीला येत नाही."

"वहिनी, मस्करी नको. काल मैदानात माझी इज्जत गेली. जनरेटरवाल्याचा उष्टा हार घातला मी."

"डिझेलचा वास तर तुमच्याही अंगाला चांगला येत होता."

भाऊंचा चेहरा सुजल्यासारखा झाला. ते बापूरावांकडे वळले. "संध्याकाळी चावी पायजे. इलेक्शनचं ऑफिस टाकायचंय. आणि हे सगळं काढून न्या. भोकं बुजवून द्या."

संध्याकाळी सगळे जमले. शाली उतरवल्या. खिळ्यांबरोबर प्लास्टरही निघालं. शालींच्या मागे झुरळांची अंडी होती, पाली होत्या, काळा दमट थर होता. बायांनी पदर नाकाला लावून सगळं पोत्यात भरलं. भिंती उघड्या पडल्या. नुसतं खोकलं तरी घुमायला लागलं.

मग पंचशीलाने व्हायोलिन काढलं. बाकीच्यांनीही काढलं. खुर्च्या नेल्या होत्या म्हणून उभेच.

"सर, अर्धं राहिलंय," ती म्हणाली.

"राहू दे."

"आम्ही अजून तिथेच थांबलोय सर. मूठ उघडा, बस."

बापूरावांनी बघितलं. पोस्टातला, पालिकेतला, दुकानातला, सगळे गज उचलून उभे. सगळ्यांचे डोळे त्यांच्या हातावर. एकही डोळा दुसरीकडे नाही. काल मैदानातली डोकी वळली होती तसेच हेही. हेही त्यांनीच शिकवलं होतं.

"माझ्याकडे बघू नका," ते म्हणाले.

"मग कुणाकडे बघायचं?"

"माहीत नाही. माझ्याकडे नको." ते बाहेर गेले आणि दार लावून घेतलं.

गल्लीत पोती रचलेली होती. त्यांच्यातून काळं पाणी गळत होतं. बापूराव भिंतीला टेकले. बराच वेळ आतून काही आलं नाही. मग कुणीतरी जमिनीवर पाय आपटला, बहुतेक पंचशीलानेच, आणि तिचं व्हायोलिन सुरू झालं. उघड्या भिंतींवर आदळून ते कर्कश ऐकू येत होतं. चेलो उशिरा आला. क्लॅरिनेट एकदा फसलं, कुणीही थांबलं नाही. वर हंसाबेनची खिडकी उघडली. बापूरावांना वाटलं, आता ओरडणार. त्या कठड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला पांढरी मारुती वळली. चावीसाठी.

बापूरावांचा हात वर गेला. त्यांनी नेला नव्हता, गेला. मूठ घट्ट आवळलेली, खांद्याच्या वर, अगदी योग्य मात्रेवर.

आत कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. दार बंद होतं. एकेक वाद्य येऊन मिळत होतं, आवाज मोठा होत होता. भाऊ गाडीतून उतरले, काहीतरी बोलले. ते ऐकू आलं नाही.

बापूरावांनी स्वतःच्या मुठीकडे बघितलं. पोत्यातल्या शालींकडे बघावं तसं.

'ओंजळ' शेवटापर्यंत वाजली.

*

अठ्ठ्याऐंशीच्या जयंतीला काशीनाथ अजून नगरसेवक नव्हता. तहान लागली म्हणून तो स्टेजजवळच्या पिंपातलं पाणी प्यायला आला होता. बापूरावांनी त्याला बघून पहिल्यांदाच अशी मूठ वर केली, गाणं मधेच थांबवलं आणि जीवनला त्याचं नाव घ्यायला सांगितलं. तसं करायला त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.